बाण वर का जातोय? कंपाउंड बोचं ट्यूनिंग आणि त्यातून उभा राहणारा छोटा सेवा व्यवसाय



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘दुरुस्तीचे व्यवसाय’ या विषयावर बोललो. मोबाईल, मिक्सर, सायकल, एसी ही नावं सगळ्यांनाच सुचतात. आज त्याच माळेतला एक असा व्यवसाय घेऊ, जो बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही. तो म्हणजे कंपाउंड धनुष्याचं अलाइनमेंट आणि ट्यूनिंग.

“सर, धनुष्यबाण दुरुस्त करून कुणाचं घर चालतं का?” असं म्हणण्याआधी एक आकडा बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं कंपाउंड प्रकाराची अंतिम लढत १५०-१४९ अशी जिंकली. १५ बाण, १५ वेळा दहा, आणि फरक फक्त एका गुणाचा. त्याच स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीनं वयाच्या १७ व्या वर्षी महिलांचं विश्वविजेतेपद मिळवलं. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णं भारतानं घेतली. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे.

म्हणजे खेळणारी मुलं वाढणार. ज्या खेळात एका गुणावर पदक ठरतं, त्यात यंत्र नीट लावून देणाऱ्या माणसाची गरज लागणारच. पण या कामात पैसे मिळतात ते पाना फिरवण्याचे नाहीत, दोष नेमका कुठे आहे हे ओळखण्याचे मिळतात. आज आपण तेच शिकणार आहोत. ज्यांना धनुष्याशी काही घेणंदेणं नाही त्यांनीही वाचा. तुमचा धंदा पंप दुरुस्तीचा असो की शिलाई मशीनचा, पद्धत हीच लागते.

आधी यंत्र समजून घेऊ

कंपाउंड बो म्हणजे दोन टोकांना चाकं असलेलं धनुष्य. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्यांना ते मिळालं. विहिरीवरच्या रहाटाला जशी चाक आणि दोरीची मदत होते, तशीच इथे होते. फरक एवढाच की ही चाकं पूर्ण गोल नसतात. त्यांना कॅम म्हणतात. ओढताना मधे सगळ्यात जास्त जोर लागतो, पण शेवटपर्यंत ओढलं की हातावरचं वजन एकदम उतरतं. याला लेट-ऑफ म्हणतात. ५० पाउंडाच्या बोला ७५ टक्के लेट-ऑफ असेल, तर पूर्ण ओढल्यावर बोटांवर फक्त साडेबारा पाउंड राहतात. म्हणून खेळाडू शांतपणे नेम धरू शकतो.

भागांची नावं लक्षात ठेवा. मधला धातूचा सांगाडा म्हणजे रायझर. वरखाली वाकणाऱ्या पट्ट्या म्हणजे लिंब. बाण जिला लागतो ती स्ट्रिंग, आणि दोन कॅमना एकमेकांशी बांधून ठेवतात त्या केबल. बाण टेकतो तो रेस्ट. स्ट्रिंगमध्ये डोळ्यासमोर असलेलं छोटं भोक म्हणजे पीप, आणि पुढे असते ती साइट.

आता हिशोब करू. पीपपासून साइटपर्यंतचं अंतर साधारण ९० सेंटिमीटर धरा. लक्ष्य ५० मीटरवर असतं. पीप फक्त १ मिलिमीटर सरकला, तर लक्ष्यावर बाण सुमारे साडेपाच सेंटिमीटर सरकतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ४ सेंटिमीटर. बरोबर मध्यात लागणारा बाण एका मिलिमीटरनं थेट नवात गेला! हा खेळाडूचा दोष म्हणायचा की यंत्राचा? तुमचा व्यवसाय या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे.

पहिला नियम: काहीही सैल करण्याआधी मोजा

सायकलच्या चाकाचा आउट काढणारा जुना कारागीर बघितलाय का? तो आल्या आल्या स्पोक आवळत नाही. आधी चाक फिरवतो, खडू धरतो, कुठे घासतं ते बघतो. आपलंही तसंच.

गिऱ्हाईक बो घेऊन आलं की आधी जॉबकार्ड भरा. त्यात या गोष्टी हव्यात:

- तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. “बाण वर-खाली पडतात”, “ओढल्यावर भिंत मऊ लागते” असं जे बोलेल ते.
- दोन कॅमच्या ॲक्सलमधलं अंतर आणि ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर.
- ओढण्याचं कमाल वजन आणि ड्रॉ लेंथ. स्पर्धेच्या नियमात कंपाउंडला कमाल ६० पाउंडाची मर्यादा आहे, ती ओलांडली नाही ना हेही बघा.
- वरचा आणि खालचा लिंब बोल्ट पूर्ण आवळलेल्या स्थितीपासून किती फेरे सैल आहे.
- रेस्टची, नॉक पॉइंटची आणि पीपची जागा.
- बाणाची लांबी, स्पाइन आणि टोकाचं वजन.

मग हे आकडे कंपनीच्या ट्यूनिंग चार्टशी ताडून बघा. ॲक्सलमधलं अंतर १/८ इंचापेक्षा जास्त बदललेलं दिसलं, तर केबल किंवा स्ट्रिंग ताणली गेल्याची शंका घ्या. केबल ताणल्या की हे अंतर वाढतं आणि वजन उतरतं. नवी स्ट्रिंग तर पहिल्या शंभर-दोनशे बाणांत बसतेच. म्हणून स्ट्रिंग बदलून दिली की आठवड्यानं परत तपासणीला बोलवा, आणि ती तपासणी बिलातच धरा.

जुन्या जागांवर पेन्सिलीनं किंवा पांढऱ्या मार्करनं खूण करा, फोटो काढा. काम बिघडलं तर जिथून निघालो तिथे परत जाता आलं पाहिजे. ज्याला परतीची वाट ठेवता येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या यंत्राला हात लावू नये.

तपासणीचा क्रम

इथे नवशिके गडबड करतात. बाण डावीकडे गेला की लगेच रेस्ट सरकवतात. पण रेस्ट हा शेवटचा बारीक स्क्रू आहे. पाया वाकडा असताना खिडकी रंधून काय उपयोग? क्रम असा ठेवा.

१. सुरक्षितता. लिंबवर कापसाचा बोळा फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे चीर असू शकते. स्ट्रिंगचे धागे तुटलेत का, सर्व्हिंगचा दोरा सुटलाय का बघा. कार्बनचा बाण हातमोजा घालून हलकासा वाकवा आणि कान द्या. करकर आवाज आला तर तो बाण बाद. चिरलेला लिंब किंवा बाण असेल तर पुढचं काम थांबवा, कितीही घाई असली तरी.

२. लिंब बोल्ट. दोन्ही आवळून मग समान फेरे सैल करा. एक दोन फेरे आणि दुसरा तीन फेरे सैल असेल, तर बाकीच्या सगळ्या मापांना काही अर्थ राहत नाही. कंपनीनं दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फेरे कधीच सैल करू नका.

३. कॅमचं टायमिंग. दोन कॅमच्या बोमध्ये पूर्ण ओढल्यावर दोन्हीकडचे स्टॉप एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक आधी टेकला की खेळाडूला ‘भिंत’ मऊ किंवा दोन टप्प्यांची वाटते, आणि बाण वर-खाली पसरतात. हे ड्रॉ बोर्डवर बघायचं. ड्रॉ बोर्ड म्हणजे एका भक्कम फळीवर बो अडकवून हाताच्या विंचनं हळू ओढायची सोय. कुठल्या केबलला पीळ द्यायचा ते कॅमच्या प्रकारावर अवलंबून असतं, म्हणून त्या मॉडेलचा चार्ट समोर ठेवा. एका वेळी अर्धा पीळ द्यायचा आणि परत बघायचं.

४. कॅमचा कल. मागून बघा, स्ट्रिंग कॅमच्या खाचेतून सरळ निघते का तिरकी? पट्टीसारखा सरळ बाण कॅमच्या सपाट बाजूला लावून धरला की कल लगेच दिसतो. काही बोमध्ये तो योकच्या दोन पायांना कमी-जास्त पीळ देऊन काढतात, तर काहींमध्ये ॲक्सलवरचे स्पेसर बदलून.

५. नॉक आणि सेंटर शॉट. बाण स्ट्रिंगला काटकोनात हवा. त्यासाठी बोचा गुण्या मिळतो. आडव्या दिशेनं रेस्टची सुरुवातीची जागा कंपनी सांगते. अनेक बोमध्ये ती रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंत १३/१६ इंच, म्हणजे साडेवीस मिलिमीटरच्या आसपास असते.

६. साइटची पाणसळ. साइटमध्ये छोटा बुडबुडा असतो. बो सरळ उभा असताना तो मध्यात हवा. भिंतीवर गवंड्याचा ओळंबा टांगा, बो त्या दोरीला समांतर धरा आणि बुडबुडा तपासा. बुडबुडाच खोटा असेल तर खेळाडू इमानदारीनं बो तिरका धरतो, आणि बाण ज्या बाजूला बो कलला त्या बाजूला जातो.

सहाही गोष्टी जागेवर आल्यावरच बाण सोडायचा.

कागद खोटं बोलत नाही

आता पेपर ट्यूनिंग. एका चौकटीत कागद ताणून लावा, मागे भक्कम टार्गेट बट ठेवा, आणि साधारण दोन मीटरवरून बाण सोडा. टोकानं पडलेलं गोल भोक आणि मागच्या पिसांनी पाडलेल्या चिरा बघा. दोन्ही एका जागी असतील तर बाण सरळ चाललाय. चिरा भोकापासून बाजूला असतील तर बाणाची शेपूट तिकडे झुकलीय.

उजव्या हातानं ओढणाऱ्या आणि रिलीज वापरणाऱ्या खेळाडूसाठी सोपा नियम पाठ करा: शेपूट जिकडे, रेस्ट तिकडे.

- शेपूट वर फाडते: रेस्ट किंचित वर, किंवा नॉक पॉइंट किंचित खाली.
- शेपूट खाली फाडते: रेस्ट किंचित खाली, किंवा नॉक पॉइंट किंचित वर.
- शेपूट डावीकडे: रेस्ट किंचित डावीकडे. योकचा बो असेल तर डाव्या योकला अर्धा पीळ वाढवा आणि उजव्याचा तेवढाच काढा.
- शेपूट उजवीकडे: याच्या उलट.

‘किंचित’ म्हणजे अर्धा मिलिमीटर. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीन बाण. दोन बदल एकदम केले आणि फरक पडला, तर कशामुळे पडला ते तुम्हाला कधीच कळणार नाही. रेस्ट बराच सरकवला आणि तरी चीर तशीच राहिली, तर थांबा. दोष तिथे नाही.

मग कुठे असेल? एक, पिसं रेस्टला घासत असतील. रेस्टवर टाल्कम पावडर किंवा लिपस्टिकचा हात फिरवा आणि बाण सोडा. पिसावर किंवा रेस्टवर घासल्याची खूण उमटते. दोन, बाणाची स्पाइन चुकीची असेल. बाणावर ४०० लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ असा: २८ इंचाच्या टेकूंवर ठेवलेल्या बाणाच्या मध्यावर १.९४ पाउंड वजन टांगलं, तर तो ०.४०० इंच वाकतो. आकडा मोठा तितका बाण लवचिक. बोचं वजन वाढवलं आणि बाण जुनाच ठेवला, तर तो आता मऊ पडतो. तीन, खेळाडूचा हात ग्रिपला पिळतो. त्याच्याकडे वळूच.

कागदानंतर मैदानात जा. मोठ्या बटवर वरच्या बाजूला एक खूण करा, तिच्याखाली ओळंब्याची उभी रेघ मारा. साइट २० मीटरला लावा आणि ती न बदलता २०, ३०, ४० मीटरवरून त्याच खुणेवर नेम धरून बाण सोडा. बाण खाली खाली पडत जातील, ते अपेक्षितच आहे. पण पडायला हवेत त्या रेघेवर. मागे जाता जाता डावीकडे सरकत असतील तर रेस्ट जरासा उजवीकडे, उजवीकडे सरकत असतील तर डावीकडे घ्या.

दोष बोचा, बाणाचा की माणसाचा?

मंडळी, या व्यवसायात नाव होतं ते इथे आणि जातं तेही इथेच.

बाणांना नंबर द्या. दर वेळी चार नंबरचाच बाण बाहेर पडत असेल तर बो निर्दोष आहे. त्या बाणाचा नॉक, पिस किंवा टोक बघा. नॉक फिरवून परत सोडा. तरी बाहेर गेला तर तो बाण संचातून काढा.

सगळे बाण पसरत असतील तर तोच बो सारख्या ड्रॉ लेंथच्या दुसऱ्या अनुभवी खेळाडूला द्या. त्याच्या हातात कागदावर एकच भोक पडलं, तर बो ठीक आहे. दोष ग्रिपमध्ये, चेहऱ्याला स्ट्रिंग दाबण्यात किंवा रिलीज दाबण्याच्या पद्धतीत आहे. ते काम प्रशिक्षकांचं.

अशा वेळी मोह होतो. गिऱ्हाईक लांबून आलेलं असतं, पैसे द्यायला तयार असतं. थोडा रेस्ट हलवून “केलं बघा सेट” म्हणणं सोपं असतं. पण खेळाडूच्या चुकीला जुळेल असा बो लावून दिला, की तो ती चूक पक्की करतो. महिन्यानं प्रशिक्षक चूक सुधारतात आणि बाण उलट्या दिशेला जायला लागतात. मग नाव कुणाचं खराब होतं? तुमचं!

“ताई, बो व्यवस्थित आहे. हे बघा माप, हा बघा कागद. हा रिपोर्ट सरांना दाखवा,” असं सांगा आणि फक्त तपासणी फी घ्या. कंपाउंडचा चांगला सेट लाखाच्या घरात जातो. घरच्यांनी तो कर्ज काढून किंवा दागिना ठेवून घेतलेला असू शकतो. ‘नवीन बो घ्यायची गरज नाही’ हे एक वाक्य त्या घरासाठी तुमच्या बिलाच्या कित्येक पट मोलाचं असतं.

एक उदाहरण सोडवून बघू

समजा, तालुक्याच्या गावातली अकरावीतली एक मुलगी वडिलांबरोबर आलीय. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आहे. दोन महिन्यांपासून तिचे बाण ५० मीटरवर वर-खाली पसरतायत. कुणी म्हणतं हात थरथरतो, कुणी म्हणतं बो बदला. वडिलांनी नवीन बोची चौकशी करून ठेवलीय.

जॉबकार्ड भरलं. ती म्हणते, “काका, आधी भिंत टणक लागायची, आता स्पंजसारखी लागते.” ही ओळ जशीच्या तशी लिहा, कारण निम्मं उत्तर तिच्यात आहे. माप घेतलं. ॲक्सलमधलं अंतर चार्टपेक्षा जवळपास ३/१६ इंच जास्त, वजन दोन पाउंड कमी, लिंब बोल्ट समान. ड्रॉ बोर्डवर वरचा स्टॉप टेकला तेव्हा खालचा तीन मिलिमीटर दूर होता. म्हणजे केबल ताणल्या, त्यातही एक जास्त, म्हणून टायमिंग गेलं. शिवाय रेस्टवरची जुनी खूण सांगते की कुणीतरी बाण सावरण्यासाठी तो वर सरकवलाय.

उपाय: बो प्रेसवर घेऊन चार्टप्रमाणे केबलना अर्धा-अर्धा पीळ, दर वेळी परत बोर्डवर. दोन्ही स्टॉप एकत्र टेकले, अंतर आणि वजन जागेवर आलं. रेस्ट परत मूळ खुणेवर. मग कागद, मग मैदान, मग पीप आणि साइट.

या सगळ्यात एकही नवा भाग विकला गेला नाही. पण एक खर्च वाचला, आणि एका मुलीचा स्वतःच्या हातावरचा विश्वास परत आला. आणि हो, वडिलांना स्पष्ट सांगा: केबल परत ताणल्या तर पुढच्या वेळी संचच बदलावा लागेल. खोटी हमी देऊ नका.

आता धंद्याचं बोलू

अवजारं. बो प्रेस, बोचा वजनकाटा, गुण्या, ॲलन की संच, व्हर्निअर कॅलिपर, दोन छोट्या पाणसळ, ड्रॉ बोर्ड, पेपर ट्यूनिंगची चौकट, सर्व्हिंगचा दोरा, स्ट्रिंग वॅक्स, डी-लूपची दोरी. चौकट सुताराकडून आणि ड्रॉ बोर्डचा सांगाडा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतो. बो प्रेस मात्र चांगल्या कंपनीचा, तुमच्याकडे येणाऱ्या लिंबच्या प्रकाराला चालणारा घ्या. इथे जुगाड नको. ताणलेला बो सुटला तर बोट किंवा डोळा जाऊ शकतो. चष्मा घालूनच काम, आणि बाण न लावता स्ट्रिंग कधीही सोडायची नाही. ती सगळी ऊर्जा बाणाऐवजी लिंब आणि कॅमवर जाते आणि ते तुटू शकतात.

दर. तीन पायऱ्या ठेवा. पहिली, फक्त तपासणी आणि लेखी रिपोर्ट. दुसरी, पूर्ण ट्यूनिंग. तिसरी, स्ट्रिंग-केबल बदल आणि आठवड्यानंतरची मोफत फेरतपासणी. सुट्या भागांचे पैसे वेगळे दाखवा. हिशोब असा करा, आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत: जागा, वीज, प्रवास मिळून महिन्याला १२,००० रुपये खर्च, आणि एका कामामागे हातात ६०० रुपये उरतात. मग २० कामं म्हणजे खर्च निघाला. एकविसाव्या कामापासून तुमची कमाई. तुमच्या भागात महिन्याला वीस बो येतील का? नसतील तर दुकान भाड्यानं घेऊ नका. ॲकॅडमीत जाऊन महिन्यातून दोन शनिवार सेवा द्या.

वेळ. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मोठं काम घेऊ नका. पीळ बसायला आणि खेळाडूला नवी जाणीव सरावायला दिवस लागतात. आदल्या दिवशी फक्त तपासणी आणि ढिला स्क्रू आवळणं, एवढंच. हा नियम दुकानात बोर्डवर लिहून लावा.

सल्ला फुकट द्या. उदाहरणार्थ, मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात बंद गाडीत बो ठेवू नका, स्ट्रिंग ताणते आणि लिंबलाही धोका असतो. अशा एका वाक्यानं गिऱ्हाईक टिकतं.

कागदपत्रं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. काम घेताना बोची स्थिती, आधीच्या चिरा आणि ओरखडे लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. दोघांचंही भलं असतं त्यात.

शिकायचं कुठे? जवळच्या तिरंदाजी ॲकॅडमीत जा, प्रशिक्षकांना भेटा, आधी मदतनीस म्हणून हात काळे करा. गिऱ्हाइकाच्या बोला हात लावण्याआधी एखादा जुना बो घेऊन तो मुद्दाम बिघडवा आणि परत चार्टवर आणा. असं दहा वेळा करा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा व्यवसाय कुठलाही असो, एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने करा. गिऱ्हाईक तक्रार कशी सांगतं, त्यामागे कोणते दोष असू शकतात, आणि कुठला दोष आधी तपासायचा. तुमच्या धंद्यातल्या पाच नेहमीच्या तक्रारी घेऊन हा तक्ता भरा. ज्या ओळीत तिसरा रकाना रिकामा राहील, तिथे तुमचं शिकणं बाकी आहे. तो तक्ता दुकानात हाताशी ठेवा आणि पुढचं काम आलं की आधी मोजपट्टी उचला, पाना नंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!